जुनं नाटक, जुनी बखर: साधं पुनर्मुद्रण घ्यावं की संपादित आवृत्ती?

दुकानात एकाच पुस्तकाच्या दोन प्रती शेजारी असतात. एकीत नव्यानं जुळवलेला नुसता मजकूर; पातळ आणि स्वस्त. दुसरीत प्रस्तावना, टीपा, पाठभेद (म्हणजे वेगवेगळ्या प्रतींतले मजकुराचे फरक), सूची. किंमत बघून माणूस ती परत ठेवतो. माझं मत असं, की नाटकाच्या बाबतीत पुष्कळदा पहिलीवर भागतं, बखरीच्या बाबतीत जवळजवळ कधीच नाही.

कृ. प्र. खाडिलकर 1948 साली गेले. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे 2009 पासून त्यांची नाटकं कुणीही छापू शकतो. ‘भाऊबंदकी’ वाचायची असेल तर स्वस्त प्रत बिनदिक्कत घ्या. नारायणरावांचा खून आणि रामशास्त्री आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. ‘कीचकवध’चं तसं नाही. 1907 साली ते रंगभूमीवर आलं आणि 1910 मध्ये सरकारनं त्यावर बंदी घातली, कारण कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. हे सांगणारी प्रस्तावना नसेल, तर आजच्या वाचकाच्या हाती एक पौराणिक नाटक तेवढं उरतं.

भाषेचा अभ्यास करणाऱ्यानं आणखी एक बघावं. 1962 च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. नव्या छपाईत ‘तें’चं ‘ते’ होतं, आणि ‘तें’ म्हणजे एक वस्तू की ‘ते’ म्हणजे अनेक पुरुष, हे संदर्भावरून ताडत बसावं लागतं. अशा वेळी जुन्या आवृत्तीचं स्कॅन दोन्हींपेक्षा सरस. प्रयोग बसवणाऱ्यांची गरज तर तिसरीच. ‘सौभद्र’ सगळ्या पदांसकट आज कोण करतं? त्यांनी रंगावृत्ती शोधावी, मात्र काय कापलंय ते कळायला पूर्ण संहिता जवळ असू द्यावी.

बखरीचं प्रकरण वेगळं आहे. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेलेली सभासदाची बखर घ्या, नाहीतर पेशवाईतली एखादी. हा मजकूर मोडीतला. मोडीत शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणजे बाळबोध, अर्थात देवनागरी, छपाईत शब्द कुठे तोडायचा आणि वाक्य कुठे संपवायचं, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. संपादित आवृत्तीत निदान तो माणूस नावानिशी समोर असतो. आनंदीबाईंच्या माथी ‘ध’चा ‘मा’ कायमचा बसला. लिप्यंतर करणारा तेच नकळत करतो आणि नामानिराळा राहतो.

तारखांचं तर विचारूच नका. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असं दिसलं तर काय समजायचं? हे शुहूर सनातलं, अरबी शब्दांत लिहिलेलं वर्ष. अरबी आकडे उलटे मोजत 4, 70, 100, 1000 मिळवले की 1174 येतात. त्यात 599 मिळवा, इसवी सन 1773. नवं वर्ष मृगापासून सुरू होत असल्यानं पुढच्या जानेवारीपासूनच्या महिन्यांना मात्र 600. टीप असेल तर हे एका ओळीत मिळतं, नसेल तर वाचक पान उलटतो.

जाडी बघून फसू नका. बखर कोणत्या हस्तलिखितावरून घेतली, ते आज कुठे आहे, एवढं प्रस्तावनेत सांगितलेलं नसेल, तर मागच्या फ्लॅपवर ‘संशोधित’ छापलेलं असलं तरी ती स्वस्त प्रतच आहे, फक्त महाग दिलेली.