शाळा कशावरून उघडायची: परिसराचा आकडा की वर्गाची तयारी?

साथ ओसरू लागली की शाळेच्या बैठकीत दोन तट पडतात. परिसरातला पॉझिटिव्हिटी रेट, म्हणजे शंभर चाचण्यांत किती बाधित निघतात तो आकडा, ठरलेल्या रेषेखाली आला की उघडा, हा एक. आकडा काहीही असो, वर्ग तयार झाले की उघडा, हा दुसरा. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण पहिलाही अगदीच टाकाऊ नाही.

आकड्याने वाद मिटतो. निर्बंध सैल करताना रेट सलग १४ दिवस ५ टक्क्यांखाली असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने कोविडच्या साथीत, मे २०२० मध्ये सुचवलं होतं. अशी रेषा आधीच जाहीर केली की मुख्याध्यापकांवर ना इकडून दबाव येतो, ना तिकडून.

वैताग येतो तो त्या रेषेवर हेलकावे सुरू झाले की. आठवड्याला २०० चाचण्या होणाऱ्या वस्तीत ९ बाधित सापडले तर ४.५ टक्के, शाळा चालू. ११ सापडले तर ५.५, शाळा बंद. दोन अहवालांवर घंटा वाजायची की नाही ते ठरणार! त्यात एखाद्या आठवड्यात फक्त तापाचे रुग्ण तपासले तर रेट चढतो. कामावर रुजू व्हायला अहवाल हवा म्हणून धडधाकट माणसं रांगेत आली तर उतरतो. साथ असते तिथेच. शिवाय लागण, लक्षणं, चाचणी, अहवाल यात आठवडा-दीड आठवडा सहज जातो, म्हणजे आजचा आकडा शिळाच. नोव्हेंबर २०२० मध्ये न्यूयॉर्कने शहराचा रेट ३ टक्क्यांना टेकताच शाळा बंद केल्या, तेव्हा शाळांमधल्या चाचण्यांत हे प्रमाण त्याहून बरंच कमी निघत होतं. दोनदा उघड-बंद झालं की पालक तिसरी सूचना मनावर घेत नाहीत.

तयारीचा मार्ग कष्टाचा आहे, पण त्यातलं बरंचसं शाळेच्या हातात असतं. पहिली बाब वर्गातली हवा. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड साचला, म्हणजे ताजी हवा कमी पडते आहे. कार्बन डायऑक्साइड मीटर मुलांच्या नाकाच्या उंचीवर, खिडकी-दारापासून लांब ठेवा आणि वर्ग भरल्यावर अर्ध्या तासाने वाचा. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतं. आत ८०० च्या वर जाऊ लागलं तर समोरासमोरच्या खिडक्या उघडा, एका खिडकीत पंखा बाहेर तोंड करून लावा. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, ताजी आणत नाही. खोली गार झाली की सगळे खिडक्या लावून घेतात आणि मीटर चढतो.

दुसरी बाब गट. वर्गाचे दोन भाग करून प्रत्येकाला चार दिवस शाळा, दहा दिवस घर, असं आळीपाळीने चालवता येतं. लागण झाल्यावर दुसऱ्याला संसर्ग देण्याइतका विषाणू वाढायला कोविडमध्ये साधारण तीन दिवस लागायचे, त्यामुळे शाळेत लागण झालेलं मूल बहुधा घरी असतानाच संसर्गजन्य होतं. गट मोडतात ते बसमध्ये आणि फाटकावर. तिथली व्यवस्था आधी लावा.

शिक्षकांचा हिशेब मात्र बहुतेक जण विसरतात. एका वर्गाचे शिक्षक विलगीकरणात गेले तर त्या दिवशी कोण शिकवणार, हे नावानिशी लिहून ठेवायला हवं. दोन वर्ग एकत्र बसवले की गटांची सगळी मेहनत वाया. शिक्षकखोलीतही मीटर हवाच. मास्क काढून एकत्र जेवण होतं ते तिथेच.

आकडा पूर्ण सोडून द्या असं मी म्हणणार नाही. रुग्णालयात खाटा मिळेनाशा झाल्या तर कितीही तयार शाळा बंदच ठेवावी लागेल. माझ्या मते आकड्याचं काम ब्रेकचं आहे, आणि तोही पंधरवड्यातून एकदाच, ठरल्या दिवशी पाहावा.