केक पॉप किट: साचा नको, काड्या घ्या

प्राण्यांच्या आकाराचे केक पॉप, म्हणजे काडीवर खोचून चॉकलेटात बुडवलेले केकचे गोळे, घरी करण्याचं एक किट यंदा नाताळाआधी ऑनलाइन मागवलं. किंमत ६४९ रुपये. खोक्यात रेनडिअर, अस्वल, पेंग्विन आणि ससा अशा खणांचा सिलिकॉनचा साचा, कागदी काड्या, पायपिंग बॅग, रंगांच्या चार बाटल्या आणि काड्या उभ्या करायला भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं स्टँड. भाचीच्या धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी चाळीसेक पॉप करायचे होते, त्यामुळे किटमधल्या प्रत्येक वस्तूचा कस लागला. काड्या फार चांगल्या आहेत. बाकीच्या सामानावर इतके पैसे घालवू नका असं माझं स्पष्ट मत झालं आहे. ते का, हे नीट सांगते, कारण डिसेंबरात ही किटं पुष्कळ जण घेतात.

आधी साच्याबद्दल. आम्हा वसईकर ख्रिस्ती घरांत नाताळचे साचे नवे नाहीत. मार्झिपन आणि मिल्क क्रीमचे छोटे रबरी साचे आईच्या डब्यात अजून आहेत. फुलं, पानं, मासे, शिंपले. त्यांत काजूचा घट्ट गोळा दाबला की पानाची शीरन् शीर उठते. कारण काजूचं पीठ बारीक असतं आणि गोळ्यात हवा नसते. केकचा चुरा तसा नाही. तो रवाळ, त्यात क्रीम मिसळलेलं, आणि रेनडिअरची शिंगं म्हणजे या साच्यात काडेपेटीच्या काडीएवढी खाच. चुरा तिथे शिरतच नाही. साच्याला आतून चॉकलेटचा थर देऊन, तो गोठवून मग चुरा भरावा, असं किटच्या कागदावर लिहिलंय. तसं केलं की शिंगं येतात खरी, पण काढताना कानाशी किंवा शिंगाशी तुटतात. शिवाय एका वेळी आठच होतात आणि दर खेपेला साचा फ्रीजमध्ये. अस्वल आणि ससा बरे निघाले, कारण त्यांचे अवयव जाड आहेत. साचा ठेवणार असाल तर त्यात मार्झिपनचे प्राणी करा, सुंदर होतात.

केक पॉप घरोघरी पोचले ते २००८ च्या सुमारास, अमेरिकेतल्या अँजी डडली यांच्यामुळे. त्यांच्या पद्धतीत केकचा चुरा क्रीममध्ये मळायचा, हातावर गोल वळायचा, काडी खोचायची आणि चॉकलेटात बुडवायचा. प्राणी तयार होतो तो नंतर, कान, डोळे आणि नाक लावल्यावर. हीच पद्धत मला सर्वांत पटते. गोल चेंडूवर डोळे जरा खाली आणि एकमेकांपासून लांब लावले तर पिल्लू दिसतं. वर आणि जवळ लावले तर मोठा प्राणी. हे एकदा हाताला कळलं की साच्याची आठवण येत नाही.

चुऱ्यासाठी मी प्लम केकच वापरते. कापताना निघालेल्या कडा आणि वरचा फुगवटा वाया जात नाही. मात्र मनुका, टूटीफ्रूटी, काजू सुरीने अगदी बारीक करायला हवेत, नाहीतर गोळा तिथेच चिरतो. मुलांसाठी फळं रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजवलेली. अर्धा किलो चुऱ्याला साधारण दीडशे ग्रॅम गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण, पुरतं. एकदम सगळं ओतू नका. मूठ दाबली की गोळा टिकला पाहिजे आणि हाताला तूप लागल्यासारखं वाटता कामा नये. पंचवीस ग्रॅमचा एक गोळा. त्याहून मोठा केला की काडीवरून खाली सरकतो.

आता रंग, आणि इथे माझा खरा राग आहे. किटमधले रंग पाण्याचे आहेत आणि बाटलीवर तसं कुठेही ठळक लिहिलेलं नाही. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचा थेंब गेला की त्यातली साखर आणि कोकोची भुकटी ओल धरून एकमेकांना चिकटते आणि चॉकलेट घट्ट, खडबडीत होतं. वाटीत थोडं पांढरं कंपाउंड (कोको बटर नसलेलं स्वस्त चॉकलेट) घेऊन थेंब टाकून पाहिला, दोन मिनिटांत त्याचा लगदा झाला. घाईत कुणी ही बाटली सगळ्या भांड्यात ओतली तर ऐन नाताळच्या आदल्या दिवशी अख्खा स्लॅब फुकट जाणार. चॉकलेटसाठी तेलात मिसळणारे रंग वेगळे मिळतात. ते महाग आहेत, पण दोन थेंबांत काम होतं. किट विकणाऱ्यांनी तेच द्यायला हवे होते.

चॉकलेट किटमध्ये नव्हतं. ते मी मुंबईहून आणते. मरीन लाइन्सला उतरून चालत क्रॉफर्ड मार्केट गाठलं की तिथल्या बेकिंगच्या दुकानांत काड्या, रंग, कंपाउंडचे स्लॅब सगळं सुटं मिळतं. मी मोर्देचं कंपाउंड वापरते, डार्क आणि व्हाइट दोन्ही. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी असते, म्हणून त्याला टेम्परिंग, म्हणजे ठरावीक तापमानांवर वितळवणं आणि गार करणं, लागत नाही. खऱ्या डार्क चॉकलेटला आधी ४५ ते ५० अंशांवर वितळवा, २७-२८ पर्यंत उतरवा, पुन्हा ३१-३२ वर आणा, तेव्हा कुठे त्याला चकाकी येते. चाळीस पॉप बुडवताना भांड्याचं तापमान एवढं सांभाळणं मला घरी जमवायचं नाही आणि वसईच्या डिसेंबरातली दुपार काही थंड नसते. कंपाउंडची चव खऱ्या चॉकलेटइतकी खोल नाही, हे मान्यच. म्हणून मी आतल्या गनाशमध्ये खरं चॉकलेट घालते आणि बाहेरचं कवच कंपाउंडचं ठेवते. हा खर्च करण्यासारखा आहे.

कंपाउंड मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या पॉवरवर थोडं थोडं, दर वेळी ढवळत वितळवा. जाड वाटलं तर दोनशे ग्रॅमला चमचाभर वास नसलेलं तेल. लोणी नको, त्यात पाणी असतं. काडीचं टोक आधी चॉकलेटात बुडवून मग गोळ्यात अर्ध्याच्या वरपर्यंत खोचा आणि ती जागा घट्ट होऊ द्या. गोळे फ्रीजमध्ये वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. फ्रीझरमध्ये अजिबात ठेवू नका. बर्फासारखा गार गोळा गरम चॉकलेटात गेला की वरचं कवच आधी घट्ट होतं, आतला केक मागाहून फुगतो आणि कवचाला उभी चीर पडते.

किटच्या काड्यांचं कौतुक इथेच करते. घट्ट वळलेल्या कागदाच्या, ओल लागूनही न लवणाऱ्या. पुठ्ठ्याचं स्टँड मात्र आठ पॉप लावताच एका बाजूला कलतं. थर्माकोलचा जाड तुकडा त्याहून कितीतरी बरा.

वर्गात नाताळचा, येशूच्या जन्माचा गोठा मांडलेला असणार, म्हणून मी पेंग्विन आणि रेनडिअर सोडून गोठ्यातलेच प्राणी केले, आणि हे मला या सगळ्यातलं सर्वांत आवडलेलं काम. लाल नाकाचा रेनडिअर १९३९ साली शिकागोच्या एका दुकानाने नाताळला मुलांना फुकट वाटलेल्या पुस्तिकेतून आला. बैल आणि गाढव त्याच्या कितीतरी आधीचे. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो गावात गव्हाण मांडली तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव तिथे उभं केलं होतं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, पण हे दोन प्राणी नाहीत; ते बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून आले. भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आत्या, मग बैल मोठा कर, तो आधीपासून आहे ना." बैल मोठा केला.

बैलाची शिंगं म्हणजे काजूची अर्धी पाकळी. ती निसर्गतःच वाकलेली असते. डार्क कंपाउंडमध्ये बुडवलेला गोळा ओला असतानाच दोन्ही बाजूंना खोचायची. गाढवाला बदामाचे लांब उभे काप कानांसाठी आणि तोंडाशी पांढऱ्या कंपाउंडचा ठिपका. राखाडी रंगासाठी पांढऱ्या कंपाउंडमध्ये तेलाचा काळा रंग अगदी सुईच्या टोकाएवढा. मेंढरू सर्वांत सोपं आणि मुलांना सर्वांत प्रिय: पांढऱ्या कंपाउंडमधून काढून लगेच सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवायचं, मग पुढे काजूच्या मार्झिपनचं छोटं तोंड चिकटवायचं. लोकर म्हणून मार्शमेलो लावायचं असेल तर पाकीट वाचून घ्या, बहुतेकांत जिलेटिन असतं. आमच्या आळीत शाकाहारी शेजारीही आहेत, त्यांच्यासाठी मी कंडेन्स्ड मिल्कचा बिनअंड्याचा केक वेगळा करते आणि मार्शमेलो टाळते. उंट मात्र केला नाही. गोळ्याला लांब मान काढली की काडीवर तोल राहत नाही.

डोळ्यांसाठी साखरेचे तयार डोळे घेऊ नका, सगळ्या प्राण्यांना एकच चेहरा येतो. पांढऱ्या कंपाउंडचा ठिपका आणि त्यावर टूथपिकने डार्कचा बारीक ठिपका, एवढं पुरतं.

पॉप बटर पेपर घातलेल्या डब्यात, बाहेरच ठेवा, थंड जागी. फ्रीजमधून काढलेल्या पॉपवर घाम येतो आणि खोबरं ओलं होतं. फ्रेश क्रीमच्या गनाशचे दोन दिवसांत संपवा. बेतच तसा करा, म्हणजे २३ तारखेला गोळे वळायचे, २४ ला सकाळी बुडवायचे आणि चर्चमधल्या मिस्साच्या (नाताळच्या प्रार्थनाविधीच्या) आधी वाटायचे.