युरोपात कॅम्परचा गॅस: तिथला सिलिंडर घ्यायचा की स्वतःची टाकी भरायची?

युरोपात सीमा ओलांडली की कॅम्परमधला, म्हणजे राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतला, आपल्या देशात घेतलेला रिकामा सिलिंडर सहसा कोणी बदलून देत नाही. मग मार्ग दोनच.

पहिला, अडॅप्टरचा संच घेऊन तिथलाच सिलिंडर जोडायचा. खर्च कमी, गाडीत फेरफार नाही. पण अडॅप्टर फक्त सिलिंडरच्या तोंडाशी बदलायचा, रेग्युलेटरला हात लावायचा नाही. शेगडी-हीटर ३० मिलिबार दाबाचे की जुन्या जर्मन गाडीसारखे ५० चे, ते उपकरणावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. जोडणी झाली की साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, रोज केलंत तरी चालेल. खरी अडचण अनामत रकमेची: प्रत्येक देशात नवा सिलिंडर, नवी अनामत.

दुसरा, गाड्यांना गॅस देणाऱ्या पंपावर भरता येणारी, गाडीत बसवलेली कायमची टाकी. सुरुवातीला खिसा चांगलाच हलका होतो, पण लांबच्या प्रवासाला मी हीच घेईन. भरायचे नोझल चार प्रकारचे: ब्रिटनमध्ये बायोनेट, जर्मनीत अ‍ॅक्मे, इटली-फ्रान्समध्ये डिश, स्पेनमध्ये युरोनोझल. टाकीतला झडप ८० टक्क्यांवर भरणं थांबवतो, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला जागा लागते. साध्या सिलिंडरला हा झडप नसतो, म्हणून तो पंपावर भरणं जिवाशी खेळ आहे. कोणी कितीही आग्रह केला तरी भरू नका.

हिवाळ्यात मात्र सिलिंडरचं पारडं जड. पंपावरच्या गॅसमध्ये ब्युटेन मिसळलेला असू शकतो आणि तो शून्याच्या आसपास वायू होणं थांबवतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो. डोंगरात जाणार असाल तर शुद्ध प्रोपेनचा सिलिंडर मागून घ्या.