वायेहोचं मॅट व्हार्निश: ठाण्याच्या पावसाळ्यात सैनिक रंगवणाऱ्यांसाठी

सध्या मी असईच्या लढाईचा देखावा करतेय. 23 सप्टेंबर 1803. एकीकडे शिंदे-भोसल्यांची फौज, दुसरीकडे इंग्रजांचा सेनापती वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. सैनिक 1:72 मापाचे, म्हणजे उंचीला जेमतेम इंचभर, आणि मऊ प्लास्टिकचे. या प्लास्टिकचा त्रास असा की बंदुकीला जरा बोट लागलं की ती वाकते आणि वाकली की रंगाचा पोपडा निघतो. आधी साबणाच्या पाण्याने धुवा, प्रायमर (रंग धरून राहावा म्हणून खालचा हात) मारा, सगळं मान्य. पण शेवटी वर व्हार्निशचा हात नसेल तर रंगकाम टिकत नाही.

आमचं घर चरईत, तळमजल्यावर, तलावपाळीपासून जवळच. जुलैत इथे मीठसुद्धा ओलं होतं. अशा हवेत स्प्रेचं व्हार्निश मारलं की त्यातलं द्रावक झपाझप उडतं, पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि धुरकट पांढरा थर बसतो. गेल्या पावसाळ्यात एका स्प्रेने माझी वेलस्लीकडच्या 74व्या हायलँडर पलटणीची अख्खी रांग पिठात लोळवल्यासारखी करून टाकली. डब्यावर दमट हवेबद्दल एक अक्षर नव्हतं, याचा मला अजून राग आहे. (कुणाचं असं झालं असेल तर सैनिक फेकू नका. वरून ब्रशने ग्लॉस, म्हणजे चकचकीत, व्हार्निशचा पातळ हात द्या, बहुतेक वेळा पांढरेपणा निघून जातो.)

तेव्हापासून मी वायेहो या स्पॅनिश कंपनीचं ब्रशने लावायचं मॅट, म्हणजे न चकाकणारं, व्हार्निश वापरते. थेंब पाडायच्या नळीची छोटी बाटली. पाण्यातलं ॲक्रिलिक आहे, त्यामुळे वास जवळजवळ नाही आणि ब्रश पाण्याने धुता येतो. भर पावसात खिडक्या बंद करून बसायचं तर हे फार महत्त्वाचं.

बाटली हलवण्यात मात्र कंजुषी करू नका. कुठल्याही मॅट व्हार्निशमध्ये चकाकी मारणारी बारीक पूड असते आणि ती तळाशी बसते. नीट मिसळली नाही तर वरचं पाणचट व्हार्निश चकाकतं आणि तळाचं पांढरट डाग पाडतं. मी चांगली दोन-तीन मिनिटं हलवते, मग पांढऱ्या टाइलच्या तुकड्यावर थेंब काढून त्यात किंचित पाणी घालते. ब्रश मऊ सिंथेटिक घ्या आणि टिपून घेतल्याशिवाय सैनिकाला लावू नका. छातीवरचे फुलीसारखे पांढरे पट्टे जिथे एकमेकांना छेदतात तिथे, आणि काखेत, व्हार्निश साचतं; ते सुकायच्या आत कोरड्या ब्रशने उचलून घ्यायचं. हे जमलं की लाल कोट खरोखर लोकरीचा वाटायला लागतो. इंचभर उंचीच्या माणसावर चकाकी असली की तो खेळण्यातला दिसतो, चकाकी गेली की माणूस दिसतो. संगिनी आणि बूट यांना मी शेवटी ग्लॉसचा टिपका देते. हाताला कोरडं अर्ध्या तासात लागतं, पण पावसाळ्यात मी रात्रभर तसंच ठेवते.

हाताळायचे सैनिक असतील तर आधी ग्लॉसचा हात, तो पूर्ण सुकला की वर मॅट. ग्लॉस जास्त टणक असतं, झीज तेच सोसतं.

हे व्हार्निश कशावर लावू नये, तेही सांगते. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे बघा. सोसायटीतली मुलं किल्ल्यावर अळीव पेरतात, रोज पाणी शिंपडतात आणि भाऊबीजेपर्यंत मावळ्यांच्या मिशा गालावर ओघळतात. त्यांना व्हार्निश हवंच, पण त्यांचा रंग पाण्यात विरघळणारा असतो; पाण्यातलं व्हार्निश ब्रशने फिरवलं की रंग त्याच्याबरोबरच निघून येतो. तिथे ऑक्टोबरच्या कोरड्या दुपारी, गच्चीवर, लांबून हलका स्प्रेच बरा. आणि जुन्या पद्धतीचे, लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने 1893 पासून काढलेल्या पोकळ शिशाच्या सैनिकांसारखे 54 मिलिमीटरचे कुणाकडे असतील, तर त्यांना मॅट लावून मारू नका. त्यांचा तजेला चकचकीत रंगातच आहे.

बाटलीच्या आकाराच्या मानाने किंमत जास्त वाटते, हे खरं. पण 1:72 च्या सैनिकाला एक-दोन थेंब पुरतात, त्यामुळे एका बाटलीत अख्खी पलटण सहज होते. घेताना मॅट आणि ग्लॉस एकदमच मागवा, आणि पार्सल आल्यावर टोपणाचं सील बघून घ्या; वाटेत झाकण सैल झालं तर नळीच्या तोंडाशी व्हार्निश सुकून बसतं आणि मग टाचणीने टोचत बसावं लागतं.