इतिहास, अर्थशास्त्र की मानसशास्त्र? सामाजिक शास्त्रांतला वैकल्पिक विषय निवडताना

विषयाच्या नावावर जाऊ नका, त्यात वर्षभर काम काय करावं लागतं ते पाहा. १९२९ ची जागतिक महामंदी घेतली, तर प्रत्येक विषयाची कामाची रीत चटकन कळते.

इतिहास न्यूयॉर्कचा शेअर बाजार कधी कोसळला एवढ्यावर थांबत नाही. जर्मनीतल्या बेकारीचा आणि १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येण्याचा संबंध किती, बाकीची कारणं कोणती, हे जुनी कागदपत्रं, वर्तमानपत्रं अशी साधनं ताडून लिहावं लागतं. वाचन भरपूर, उत्तरं लांबलचक. मुलं सनावळ्यांना घाबरतात, पण कस लागतो तो कारणांची मांडणी करताना.

अर्थशास्त्रात तीच मंदी आलेखावर येते. बँका बुडाल्या, खर्च आटला, मागणी घटली, कारखान्यांनी माणसं काढली, मग मागणी आणखी घटली. अमेरिकेत १९३३ मध्ये साधारण चारांतला एक कामगार बेकार होता. आकडेमोड फार अवघड नसते, मात्र आलेख वाचायचा कंटाळा असेल तर हा विषय जड जाईल.

सर्वाधिक गैरसमज मानसशास्त्राबद्दल आहेत. लोक घाबरून बँकेच्या दारात रांगा का लावतात, हा प्रश्न त्याचाच. पण उत्तर शोधायचं ते प्रयोग, नमुना (पाहणीसाठी निवडलेली मोजकी माणसं) आणि संख्याशास्त्राच्या आधारे. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे इथं पुन्हापुन्हा शिकावं लागतं. दुसऱ्याचं मन ओळखायला मिळेल म्हणून येणाऱ्यांची निराशा होते.

राज्यशास्त्र वाद घालायला आवडणाऱ्यांसाठी. मंदीतून उद्योग सावरायला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारनं आणलेल्या औद्योगिक पुनरुत्थान कायद्यातल्या मुख्य तरतुदी १९३५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवल्या. संकटात सरकारनं किती पुढे जावं, यावर वर्गात तास रंगतो. नुसती कलमं पाठ करून घेतली जात असतील, तर विषय कोरडा वाटेल.

समाजशास्त्राला मुलं उगाच दुय्यम मानतात. नोकरी गेल्यावर कुटुंबात कोणाचा शब्द चालतो, स्थलांतरितांना नव्या गावात कशी वागणूक मिळते, हे मुलाखती घेऊन तपासायला शिकवणारा दुसरा विषय यादीत सहसा नसतो. लोकांशी बोलायला आवडत असेल, तर मी आधी हाच सुचवेन.

अजून ठरत नसेल, तर शिक्षकांकडून गेल्या वर्षीचा एक प्रकल्प आणि एक प्रश्नपत्रिका मागून घ्या. दोन विषय घेता येत असतील, तर इतिहासासोबत अर्थशास्त्र घ्या; एकात मांडणी पक्की होते, दुसऱ्यात आकडे तपासायची सवय लागते.