सायलेंट हिल 2: जेम्स फेऱ्यात अडकलाय की आधीच मेलाय?

सायलेंट हिल 2 हा भीतीदायक व्हिडिओ गेम, जेम्स त्याचा नायक. तो तीच गोष्ट पुन्हा पुन्हा जगत फेऱ्यात अडकलाय की आधीच मेलाय, यावरून टिळकवाडीच्या आमच्या कट्ट्यावर दोन तट आहेत. पिरॅमिड हेड हा गेममधला राक्षस म्हणजे जेम्सचा अपराधगंड, एवढं दोघांनाही मान्य. 'फेऱ्यात अडकलाय' म्हणणाऱ्यांचा पुरावा डोळ्यासमोर: गेममधल्या वुडसाइड इमारतीतल्या खोलीत टीव्हीसमोर खुर्चीत बसलेलं प्रेत थेट जेम्ससारखं दिसतं. त्यात 2024 च्या रिमेकमधल्या फोटोंतून गुप्त संदेश निघाला, 'तू दोन दशकं इथेच आहेस.' मूळ गेम 2001 चा, म्हणजे हिशेबही जुळतो.

दुसऱ्यांच्या मते तो सुरुवातीलाच गाडीसकट तलावात बुडालाय. आधार काय, तर 'इन वॉटर' (पाण्यात) नावाचा गेमचा एक शेवट. अहो, पण शेवट अनेक आहेत. एकावरच भिस्त कशी ठेवायची? खानापूरचा दोस्त यावर चिडतो. चिडू दे! माझं मत फेऱ्यालाच.