रविवारचा इंग्रजी व्याकरणाचा वर्ग, सदाशिव पेठ: दुकानदारांनी जरूर लावावा

आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, कसबा पेठेत, तांबट आळीजवळ. गेल्या वर्षी परदेशातल्या एका गिऱ्हाईक बाईंना भाव कळवताना मी लिहिलं, ‘टू लिटर बॉटल्स’. माझ्या मनात दोन लिटरच्या बाटल्या, एका नगाचा भाव. त्या समजल्या, एकेक लिटरच्या दोन बाटल्या, एवढ्या पैशात. फरक मी सोसला आणि हा वर्ग लावला. सहा रविवार, सकाळी दोन तास, फी 2,400 रुपये.

माझी चूक पहिल्याच दिवशी सापडली. ‘टू-लिटर’ मध्ये हायफन टाकून लिहिलं की ते दोन शब्द मिळून बाटलीचं एकच विशेषण होतं. तिथे लिटरला ‘एस’ लागत नाही, ‘टेन-रुपी नोट’मधल्या रुपीला लागत नाही तसाच. (पासबुकावरचं ‘सेव्हिंग्ज अकाउंट’ आणि शाळेतला ‘स्पोर्ट्स डे’ हे अपवाद, ते पाठच करायचे.)

मला सगळ्यात आवडला तिसरा रविवार. आपण तांब्याचा हंडा, तांब्याची कळशी, तांब्याचं घंगाळ म्हणतो. चा-ची-चं सगळं जोडून देतं. इंग्रजीत बहुतेक वेळा नुसतं नामापुढे नाम ठेवतात, म्हणून कोण आधी नि कोण नंतर यावरच अर्थ ठरतो. मॅडम म्हणाल्या, शेवटचं नाम धरा, वस्तू ती. हाउसबोट ही होडी, बोटहाउस हे होड्या ठेवायचं घर. मी लगेच विचारलं, लाकडाचं ‘वुडन’ होतं, मग तांब्याचं काय? काही नाही, कॉपर ते कॉपरच.

त्या दिवशी मी दुकानातला एक जुना तांब्या नेला होता. मॅडमनी तो टेबलावर ठेवला, ठोक्यांवरून बोट फिरवलं, याला काय म्हणतात विचारलं. मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके देणं, मी सांगितलं. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘हँड-बीटन’, हायफनसकट. मग ओल्ड, राउंड, स्मॉल, कॉपर, लव्हली अशा चिठ्ठ्या आम्हाला लावायला दिल्या. मराठीत छोटा जुना किंवा जुना छोटा, दोन्ही चालतं. तिकडे आधी आपलं मत, मग आकारमान, वय, घडण आणि धातू अगदी नामाला चिकटून: ‘लव्हली स्मॉल ओल्ड राउंड कॉपर पॉट’. आमच्या बाकाला तीन वेळा चिठ्ठ्या हलवाव्या लागल्या.

उणं सांगायचं तर झेरॉक्स फार फिकट, शेवटची दोन पानं मला वाचताच आली नाहीत. सहावा रविवार घाईत उरकला. ‘हू’ आणि ‘विच’ लावून नामाला जोडायची वाक्यं अर्ध्यावर राहिली, त्यांना आणखी एक रविवार हवाच होता. खोलीत पंखा एकच.

तरी मी घरी येऊन चाळीस लेबलं नव्याने लिहिली. धाकट्या जावेचं नाव पुढच्या बॅचला घातलंय. जाणार असाल तर पंधरा मिनिटं आधी पोचा, पंख्याखाली चारच खुर्च्या आहेत.